वखारीपुढचं वळण

सासऱ्यांनी आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नाही, असं त्या घरात सगळे सांगत. हे धादांत खोटं होतं. ते चहा मागत, शांतता मागत, आणि टीव्हीचा आवाज कमी करायला सांगताना तर घर डोक्यावर घेत. पण निव्वळ स्वतःच्या हौसेसाठी म्हणावं असं त्यांनी एकच मागणं केलं, तेही डोळे जायला लागल्यावर. मला एकदा किल्ल्यावर न्या, असं ते म्हणाले.

सासरे बसड्रायव्हर होते. निवृत्त होईपर्यंत त्यांचा मार्ग एकच, शहराच्या आगारातून निघून डोंगरातल्या मोठ्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आणि परत. पायथ्याशी प्रवासी उतरत आणि जंगलातल्या वाटेने वर जात. हे खाली गाडी वळवून उभी करत, समोरची काच पुसत, थर्मासमधला चहा पीत, तोवर परतीची वेळ झालेली असे. ते कधी मिनिटभर उशिरा निघाले नाहीत, म्हणून आगारात त्यांना ‘घड्याळ’ म्हणत. घड्याळाने वर जाऊन किल्ला बघायचा कधी? त्यामुळे सगळ्या जगाला जिथे नेऊन सोडलं, तो किल्ला त्यांनी स्वतः फक्त खालून पाहिला, झाडांच्या शेंड्यांवर डोकावणारा, आणि निघताना आरशात लहान होत जाणारा.

परत येणारी मंडळी दमूनभागून गाडीत चढली की हे विचारत, "काय काय पाहिलंत?" कुणी खोल विहिरीचं सांगे, कुणी सात कोनांच्या बुरुजाचं, कुणी वरून दिसणाऱ्या नदीचं. ऐकून ऐकून किल्ला त्यांना इतका पाठ झाला होता, की जेवताना वर्णन करायला लागले की पाहुण्यांना वाटे, गृहस्थ जन्मले तरी त्या बुरुजात असावेत.

आता त्यांच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसला होता. समोरच्याचा चेहरा दिसत नसे, कडेचं तेवढं धूसर दिसे. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही, काय बघायचं असेल ते बघून घ्या. डॉक्टरांना बहुधा नातवंडांचे चेहरे वगैरे म्हणायचं असावं. नातवंडं काही नव्हती. सासऱ्यांनी किल्ला म्हटलं.

"नेऊ की," मुलगा म्हणाला. नेऊ म्हणायला काय जातं? त्याचं फरशांचं दुकान, रविवारीच गिऱ्हाईक जास्त. एक रविवार गेला, दुसरा गेला. शेवटी त्याच्या बायकोनेच तारीख ठरवून टाकली. सूनबाईंचं त्या घरात असं वजन होतं. सासऱ्यांचे डोळे म्हणजे आता तीच होती. ती औषधाच्या दुकानात काम करी. कुठली गोळी सकाळची, कुठले थेंब रात्रीचे, हे ती सांगे आणि ते मुकाट्याने घेत. शेजारणी म्हणत, पोटची मुलगीसुद्धा इतकं करत नाही. ती "काहीतरीच काय" म्हणे, पण ऐकायला तिला आवडे.

ठरल्या दिवशी सासरे सगळ्यांच्या आधी तयार होते. बुटांना पॉलिश, आणि अंगात आगाराचं जुनं जाकीट. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत स्वयंपाकघरात नवरा हळू आवाजात बायकोला म्हणाला,

"चार वाजता हॉटेलवाला येतोय. अख्ख्या हॉटेलच्या फरश्या आहेत, त्याला नाही म्हणता येणार नाही. त्या किल्ल्यावर जाऊन यायला दिवस जाईल. आपण ओढ्याकाठचा लहान किल्ला दाखवू. तासाभरात पोचतो."

"अरे, पण त्यांना तोच बघायचाय."

"त्यांना काय दिसणार आहे? इथले दगड काय आणि तिथले दगड काय."

"कळलं तर?"

"कोण सांगणार आहे? तू?" मग तो ब्रेडला लोणी फासत राहिला आणि एकदम म्हणाला, "मला तरी कधी नेलं त्यांनी? गावभरची पोरं त्यांच्या गाडीतून किल्ला बघून आली. शाळेत सगळे मलाच विचारायचे, तुला तर रोज फुकट जाता येत असेल ना? आणि मी एकदासुद्धा गेलेलो नाही."

तिला उलट बोलता आलं असतं. बोलायला ती काही कमी नव्हती, हे तिच्या दुकानमालकाला विचारावं. पण आठवडाभर काउंटरमागे उभं राहून तिच्या पोटऱ्यांचा दगड झाला होता. लहान किल्ला म्हणजे लहान चढ, आणि दुपारी घरी येऊन तासभर आडवं होता येईल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. एवढा एक विचार, पण त्याने काम केलं. "बघ बाबा, तुझं तू," ती म्हणाली, आणि पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरायला लागली.

गाडीत सासरे पुढे बसले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. इथे पूर्वी सिग्नल नव्हता. इथे एक बाई रोज कोंबडीचं पिल्लू मांडीवर घेऊन चढायची. शहर संपलं, चढ लागला, दोन्ही बाजूंनी जंगल दाटलं, तसे ते आणखीच खुलले. मग ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास आला. त्यांनी काच खाली केली आणि छाती भरून श्वास घेतला.

"लाकडाची वखार आली," ते म्हणाले. "आता इथून खरी मजा."

वखार मागे पडली. गाडी वळली. सासरे बोलायचे थांबले. काच वर करून त्यांनी मान मागे टेकली.

"डुलकी लागली वाटतं," नवरा आरशातून बायकोकडे बघत ओठांनीच म्हणाला. दोघांनाही हायसं वाटलं.

ओढ्याकाठचा किल्ला म्हणजे नावालाच किल्ला. एक अर्धा ढासळलेला बुरूज, गुडघाभर उरलेल्या भिंती, मधे कापलेलं गवत, लोखंडी कठडे, आणि कचऱ्याच्या हिरव्या पेट्या. दगडांवर शेवाळ मात्र भरपूर. एक कुटुंब भिंतीवर बसून संत्री सोलत होतं. नवऱ्याचा फोन दारातच वाजला. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून तो गाड्यांच्या दिशेने निघून गेला.

सुनेने सासऱ्यांचं कोपर धरलं. काल तिने मोठ्या किल्ल्याची माहिती नेटवरून उतरवून पाठ केली होती. तेव्हा ती खऱ्या किल्ल्यावर सांगायची म्हणून केली होती. आता केलीच आहे तर वाया कशाला घालवा?

"बाबा, आपण मुख्य दरवाज्यातून आत आलोय. किती उंच आहे म्हणून सांगू! वर दगडात दोन सिंह कोरलेत."

"सिंह आहेत?"

"आहेत तर. एकाचं नाक तुटलंय."

तुटलेलं नाक तिने पदरचं घातलं होतं. ते जमलं म्हणून तिला हुरूप आला. गुडघाभर भिंतींना तिने भोजनाचं दालन केलं, कचरापेट्यांच्या जागी तबेले बांधले. अर्ध्या बुरुजाला सात कोन दिले आणि सासऱ्यांचा तळहात एका कोपऱ्यावर टेकवून म्हणाली, "हा बघा, हा पहिला कोन." ते सगळ्याला "वा" म्हणत होते. खोटं सांगायचं म्हणून तिला सकाळी जे थोडंफार टोचत होतं, ते आता पार गेलं. खरं तर तिला मजा येत होती.

तिकिटं तपासणारा एक म्हातारा शेजारून चालला होता. सासऱ्यांनी पावलांच्या आवाजाकडे तोंड करून विचारलं, "अहो, ती खोल विहीर कुठल्या बाजूला?"

"विहीर? इथे कुठली विही..."

तिने ओठांवर बोट ठेवलं, मग सासऱ्यांच्या डोळ्यांकडे खूण केली. म्हातारा समजूतदार निघाला. "हां, ती होय! ती दुरुस्तीसाठी बंद ठेवलीय," म्हणाला आणि तिच्याकडे बघून हसून पुढे गेला. सूनबाई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

बुरुजाच्या मागे एक बाक होता. दोघं बसली. समोर झाडांची गच्च रांग, तिच्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"इथून नदी दिसते म्हणतात," सासरे म्हणाले.

"दिसते ना. उन्हात नुसती चकाकतेय."

"आणि खाली आमची बस थांबायची ती जागा?"

"तीही दिसते. आत्ताही एक बस उभी आहे बघा. ड्रायव्हर खाली उतरून काच पुसतोय."

सासऱ्यांनी जाकिटाची बटणं एकेक करून लावली. भारावले असतील, असं तिला वाटलं. ती स्वतःही भारावली होती, इतकी ती त्या बसमध्ये रंगली होती.

"तो कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली. फोनवर बोलतोय."

"वखारीपुढे गाडी डावीकडे वळली," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. "माझा रस्ता उजवीकडे जातो."

तिने मागे वळून पाहिलं, नवरा जवळपास नव्हता.

"मग तेव्हाच का नाही बोललात, बाबा?"

"काय बोलू? जन्मभर त्या रस्त्याने गाडी नेली, आणि वळण चुकलं तर मला कळणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझं पोरगं, आणि मी काय काम करायचो तेच विसरलं." ते थोडं हसले. त्या हसण्यात हसू नव्हतं. "त्याचा राग आहे माझ्यावर. असायलाच हवा. लहानपणी मागे लागायचा, मला वर न्या, मला वर न्या. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मोठा झाल्यावर मागायचाच थांबला."

"मी त्याला सांगते. आत्ता सांगते. अजून वेळ आहे, आपण..."

"अजिबात सांगायचं नाही." त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की संत्री सोलणाऱ्या बाईने वळून पाहिलं. "आज त्याला मला फसवायला का होईना, सकाळी उठून गाडी काढावी लागली. मला कळलं असं त्याला समजलं, तर पुढच्या वेळी तो तेवढेही कष्ट घेणार नाही. तोंडावर नाही म्हणेल. ते ऐकायची ताकद नाही माझ्यात."

"मग मी नेते तुम्हाला. आपण दोघं जाऊ, बसने जाऊ."

"कधी?"

"पुढच्या..." ती म्हणाली आणि तिथेच अडली. ओठावर जे शब्द आले होते ते तिचे तिलाच ऐकवेनात.

सासऱ्यांनी मान तिरकी केली. डोळ्यांच्या कडेने कुणाला बघायचं असलं की ते अशी मान करत. "त्याचं मी समजू शकतो. पण तुझं मी काय वाकडं केलं होतं गं?"

"बाबा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"विहीर ठीक आहे. सिंह ठीक आहेत. ती बस कशाला उभी केलीस तिथे?"

बरं वाटावं म्हणून, असं ती पुन्हा पुटपुटली. यात थोडंफार खरं होतं आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली. तिकीट हरवलं म्हणणाऱ्या प्रवाशाचं ऐकून घ्यावं, तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

नवरा लांबूनच हात हलवत आला. हॉटेलवाला नक्की येणार होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. "काय बाबा, कसा वाटला किल्ला?"

"ऐकलं होतं त्याहून मोठा आहे," सासरे म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा उजळला. नुसतं काम निभावलं म्हणून नाही. बापाला आपण काहीतरी दिलं, असं त्याला खरंच वाटलं असावं, कारण त्याने वडिलांच्या जाकिटाची कॉलर नीट केली आणि बुरुजापुढे उभं करून त्यांचा फोटो काढला. मग बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, "म्हटलं नव्हतं तुला? बघ किती खूश आहेत." ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तो गाडी दारापाशी आणायला पुढे गेला. उतार जुन्या दगडी पायऱ्यांचा होता, मधेच एखादी झिजलेली, एखादी निसटलेली. सुनेने सासऱ्यांचं कोपर धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"पायरी आहे, बाबा," ती म्हणाली.

ते थांबले. एक पाय हवेत धरून त्यांनी बुटाच्या टोकाने खालचा दगड चाचपला, पायरी खरंच आहे याची खात्री करून घेतली आणि मगच पाय टाकला.

"आणखी एक आहे."

त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं.