डावं पान, उजवं पान

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, वैतागलेली वही आहे.

माझं काम ऐकायला सोपं वाटेल. सकाळी घरून शाळेत जायचं, दुपारी शाळेतून घरी यायचं. नेदरलँड्समधल्या ड्राख्टन गावच्या ज्या शाळेत मी वर्षभर जात होते, तिथली बरीच मुलं बोलत नाहीत. घरी काय झालं ते त्यांना शाळेत सांगता येत नाही, आणि शाळेत काय झालं ते घरी. म्हणून प्रत्येकाच्या दप्तरात माझ्यासारखी एक जा-ये वही असते. मी फेन्नाची. फेन्ना नऊ वर्षांची, तिला शेळ्या भारी आवडतात. तिच्या आईने, वित्स्केने, माझ्या निळ्या पुठ्ठ्यावर तिचा शेळीला मिठी मारलेला फोटो चिकटवला होता. वर्गशिक्षिका हेस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं, डावं पान घराचं, उजवं पान शाळेचं.

पालकसभेत मुख्याध्यापकांनी मला उंच धरलं. म्हणाले, "घर आणि शाळा अशी एकमेकांशी बोलली पाहिजेत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कॉफी घेतली, एकेक बिस्कीट खाल्लं. मी अगदी फुशारून गेले. मला काय माहीत, माझ्या नशिबात पुढे काय वाढून ठेवलंय!

सप्टेंबरमध्ये दोघींनी मनापासून लिहिलं, हे कबूल करते. चार तारखेला वित्स्केने डाव्या पानावर लिहिलं, "फेन्ना तळहाताने टेबल थोपटते तेव्हा ती 'ये, माझ्याजवळ बस' म्हणत असते. तिचे आजोबा सगळ्यांना असंच जेवायला बोलवायचे." त्या सकाळी वर्गात एकाने रंगाची बाटली सांडली होती, दुसरा दाराशी रडत होता. हेस्टरबाईंनी मला उघडलं, खाली एक टिक केली आणि मिटलं.

वाचलं नाही! नुसती टिक!

पुढच्या आठवड्यात हेस्टरबाईंनी उजव्या पानावर लिहिलं, "आनंदाची बातमी! फेन्ना चित्रं दाखवून मागायला शिकतेय. तिने कपाचं चित्र हातात दिलं, तर तिला तहान लागली आहे असं समजा." वित्स्के घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. ती दमून आली होती, शेगडीवर बटाट्यांचं पाणी उतू जात होतं. तिनेही टिक केली.

मित्रांनो, मला डोकं असतं तर मी ते भिंतीवर आपटून घेतलं असतं.

मग सुरू झाला तो नुसता ताप. उजवीकडे येऊ लागलं, "आज फेन्नाने पाच वेळा टेबल बडवलं. शांत खोलीत एकटं बसवावं लागलं." डावीकडे उत्तर, "घरी ती बडवत नाही." उजवीकडे, "शाळेत बडवते." डावीकडे, "रोज संध्याकाळी रडते. शाळेत नक्की काय होतं ते कळेल का?" उजवीकडे, "दिवस छान गेला." प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आपली नम्र' आणि सही. अशी गोड गोड भांडणं अंगावर वागवण्यापेक्षा मला कुणी चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं.

आणि फेन्ना? ती वर्गात टेबल थोपटत होती, 'ये, बस' म्हणत होती, आणि तिला उचलून एकटीला खोलीत नेत होते. मग ती आणखी जोरात थोपटायची. घरी ती खिशातून कपाचं चित्र काढून आईच्या हातात देत होती. वित्स्के ते दप्तरात परत टाकायची आणि माझ्यात लिहायची, "कृपया शाळेच्या वस्तू घरी पाठवू नयेत." फेन्ना तहानलेलीच राहायची आणि रडायची. दोन्ही उत्तरं माझ्या पोटात होती. एकीला उजवं पान नको, दुसरीला डावं.

जानेवारीत माझ्यात घडी घातलेलं एक पत्र आलं. फेन्नाने आठवड्यातून दोनच सकाळी शाळेत यावं, बाकीचे दिवस देखभाल केंद्रात काढावेत, असा शाळेचा विचार होता. त्या केंद्रात मुलांना सांभाळतात, पण शिकवत नाहीत. शेवटचं ठरवायला बैठक बोलावली होती.

बैठकीच्या सकाळी वित्स्केची गाडी सुरूच होईना. शाळेची व्हॅन चालवणारा हर्मेन म्हणाला, "बस पुढे, सोडतो तुला." हर्मेनने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला, आता या मुलांना ने-आण करतो. फेन्ना मागे, वित्स्के पुढे आणि मी तिच्या मांडीवर. ती भराभर पानं उलटत होती.

"काय शोधतेस गं?" हर्मेनने विचारलं.

"पुरावा. आज सोडत नाही मी त्या बाईला. हे बघा, चार सप्टेंबर! टेबल थोपटलं की जवळ बोलावते, असं स्पष्ट लिहिलंय मी. खाली टिक आहे तिची. आणि तरी माझ्या मुलीला कोंडते!"

"टिक म्हणजे वाचलं, असं कोण म्हणालं तुला?"

"मग कशाला करतात टिक?"

"तू कशाला करतेस?"

 हर्मेन रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "आता त्यांच्या बाजूचं वाच. मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे."

ती रागारागाने वाचू लागली. कपाच्या चित्राशी आली आणि तिथेच थांबली. खाली तिची स्वतःची टिक होती, ठसठशीत, निळ्या शाईत.

"हर्मेन," ती हळूच म्हणाली, "ती रोज मला पाणी मागत होती हो. आणि मी तिला रागावत होते."

हर्मेनने रुमाल पुढे केला. "नाक पूस. आणि तिथे हे दोन्ही वाच. फक्त त्यांची चूक नको, तुझीही."

बैठकीत मुख्याध्यापक कागद जुळवत होते. हेस्टरबाई ताठ बसल्या होत्या, त्याही माझ्याकडेच बघत होत्या, त्यांनाही माझ्यातूनच पुरावा हवा होता. वित्स्केने आधी कपाच्या चित्राचं पान वाचलं आणि खालची आपली टिक दाखवली. मग म्हणाली, "आता चार सप्टेंबर. बाई, तुम्हीच वाचा."

हेस्टरबाईंनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"ती मला जवळ बोलवत होती," त्या म्हणाल्या. "आणि मी दार लावून घेत होते."

मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे, पण मूळ मुद्दा असा की..."

"थांबा हो जरा!" हेस्टरबाई म्हणाल्या आणि उठून वर्गात गेल्या. मागोमाग मला छातीशी धरून वित्स्के.

फेन्ना डब्यातला चीजचा पाव खात होती. बाईंना पाहताच तिने टेबल थोपटलं. धप, धप. मदतनीस ताई सवयीने पुढे आली. हेस्टरबाईंनी तिला हाताने थांबवलं आणि त्या छोट्या खुर्चीत कशाबशा मावून बसल्या. फेन्नाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपला पाव खात राहिली. पण थोपटणं थांबलं. खोलीत नुसता चावण्याचा आवाज.

"एवढंच होतं?" हेस्टरबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढंच," वित्स्के म्हणाली.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. शाळेने निर्णय तीन महिने पुढे ढकलला. त्या दोघी नंतरही भांडल्या, पण आता समोरासमोर, दर बुधवारी दुपारी, मला मधे उघडं ठेवून. एप्रिलमध्ये ठरलं की फेन्ना आठवडाभर शाळेतच राहील. शांत खोलीत आता खेळणी ठेवतात. जूनमध्ये माझी पानं संपली, आणि मी वर्गातल्या कपाटात आले.

पण माझा वैताग अजून गेलेला नाही. बाकीच्या मुलांच्या वह्या रोज वर्गात येऊन तीच रड सांगतात. टिक, टिक, टिक! अरे, घड्याळ आहोत का आम्ही?

मित्रांनो, मोठी माणसं घाईत असतात, त्यांच्याकडून फार आशा नाही मला. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या दप्तरातली वही आईबाबांसमोर किंवा बाईंसमोर धराल आणि ते नुसतं पेन शोधू लागतील, तेव्हा वही सोडू नका. घट्ट धरा आणि म्हणा, "आधी वाचा."