उलट्या कापडाचे डोंगर

नमुना हातात धरून मालकीणबाई म्हणाल्या, "फारच सुंदर झालंय. पण हे खिडकीत नाही लावता येणार."

या बाईंचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मी देखाव्याची गोधडी शिकवते. म्हणजे कापडाचे तुकडे एकावर एक लावून आभाळ, डोंगर, तळं, झाड असं चित्र जुळवायचं, ते शिवायचं आणि भिंतीवर टांगायचं. नवा वर्ग सुरू होण्याआधी एक नमुना दुकानाच्या खिडकीत लागतो आणि तो बघून बायका नाव घालतात. मागच्या वर्गाला जेमतेम चौघी आल्या होत्या. त्यातली एक तर पंख्याखाली बसायला यायची.

"सुंदर आहे म्हणून लावायचं नाही? हे नवीनच ऐकतेय," मी म्हणाले.

"अहो, बायका बघतात, वा म्हणतात आणि पुढे निघून जातात. हे आपल्याला जमेल असं वाटायला नको का त्यांना? जरा सोपं करा. थोडं वेडंवाकडं चालेल. आणि स्पष्टच सांगते, या वेळी खोली भरली नाही तर शनिवार मेणबत्तीवालीला द्यावा लागेल."

मेणबत्तीवाली म्हणजे मेण वितळवून त्यात अत्तर ओतणारी आणि त्याला कला म्हणणारी बाई. मेण वितळायला शिकवणी कशाला लागते, ते त्याचं त्यालाच येतं. पण बोलणं असं की जणू चंद्रसूर्य हिनेच पेटवलेत. माझ्या खोलीवर तिचा कधीपासून डोळा आहे. मी घाम गाळून बसवलेला शनिवार, आणि ही येणार आयत्या बिळावर नागोबा होऊन. त्या खोलीत मला टॉवेल कुठे आहे म्हणून कुणी विचारत नाही. मी बोलते आणि माणसं ऐकतात, असं आठवड्यात दुसरीकडे कुठेही होत नाही. तो शनिवार मला हवा होता, बस्स.

घरी येऊन वाईट काम करायला बसले. तुम्हाला सांगते, वाईट करणं वाटतं तितकं सोपं नाही. बोथट कात्री घेतली. डोंगराची कड मुद्दाम वाकडी कापली, तर ती खऱ्या डोंगरासारखी दिसायला लागली. झाड तिरकं लावलं, तर वारा सुटलाय असं वाटायला लागलं. नवऱ्याला दाखवलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "छान आहे." हा माणूस विजेच्या बिलालाही छान म्हणेल.

तेवढ्यात धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. आम्ही एकाच घरात राहतो. ही बटण लावायला बसली की शर्टाची पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून ठेवते. लग्न होऊन आली तेव्हापासून "ताई, मला शिकवा ना" म्हणून मागे लागली होती, आणि मी म्हणायचे, "तुझ्याच्याने नाही व्हायचं गं बाई."

"ताई, मी करून बघू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, देव पावला. वेडंवाकडंच हवंय ना मालकीणबाईंना, मग ही आहे की घरात. कापडं तिच्यापुढे टाकली आणि शेजारी बसून मजा बघत राहिले. आभाळ कापताना तिची जीभ बाहेर. तळं तिने बशी ठेवून कापलं. झाड म्हणजे उलटा धरलेला झाडू. डोंगर लावले आणि मी हसत सुटले. सासूबाईंना हाक मारली, दिराला बोलावलं, नवऱ्यालाही मोबाइलमधून उठवलं.

"बघा हो बघा, हिने कापड उलटं लावलंय. सुलटी बाजू खाली आणि पाठ वर."

सगळे हसले. दीर म्हणाला, "दुरून डोंगर साजरे म्हणतात, हे दुरूनसुद्धा नाहीत."

"सुलटं फार गडद होतं," जाऊ हळूच म्हणाली. "डोंगर अंगावर येत होते." ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. डोंगर खरंच मागे गेले होते, तेही मला दिसलं. ही युक्ती मी स्वतः शिकवते, पण शेवटच्या दिवशी, कारण आधी सांगितली की बायकांना तिची किंमत राहत नाही. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण सगळे हसत होते आणि मला मजा येत होती.

तो नमुना खिडकीत लागला. बायका थांबायला लागल्या. "अगबाई, एवढं तर मलाही येईल," असं म्हणत नाव घालायला लागल्या. बघता बघता खोली भरली आणि खालून खुर्च्या आणाव्या लागल्या. मेणबत्तीवाली जिन्यात भेटली आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून "अभिनंदन" म्हणाली. मी अगदी गोड हसले.

पहिल्या शनिवारी वर गेले, तर पुढच्या खुर्चीवर धाकटी जाऊ. मांडीवर पिशवी आणि पिशवीत नवी कात्री.

"तू इथे कशाला? घरी शिकवलं असतं की," मी हलक्या आवाजात म्हणाले.

"घरी तुम्ही हसता, ताई. इथे फी भरलीये."

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून नमुना फळ्यावर टांगला. आधी आभाळ, मग लांबचं, मग जवळचं, अशी नेहमीची सुरुवात केली. मागून एक चष्मेवाली म्हणाली, "बाई, बाकी सगळं जमेल. पण हे डोंगर इतके लांब कसे दिसतात? मी त्याच्यासाठीच आलेय."

दुसरी म्हणाली, "मीसुद्धा." तिसरीने मान डोलावली.

युक्ती शेवटच्या दिवसाची होती. पण भरल्या खोलीला टोलवून कसं चालेल? म्हणून सांगितलं, "कापडाची मागची बाजू फिकी असते. लांबचं आपल्याला फिकंच दिसतं. म्हणून डोंगरांना उलटी बाजू वर ठेवायची."

सगळ्यांनी लिहून घेतलं. जाऊ काही लिहीत नव्हती.

"म्हणजे मी उलटं लावलं ते बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग घरी सगळ्यांना बोलावून हसलात कशाला?"

आवाज चढलेला नव्हता. पंख्याबद्दल विचारावं तसं विचारलं तिने. चष्मेवालीने पेन खाली ठेवलं. बायका एकदा नमुन्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या, आणि मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला हवी होती ती भरलेली खोली हीच. मी बोलेन आणि त्या ऐकतील, म्हणून सगळ्या गप्प बसल्या होत्या.