मोठा पट्टा

"ताई, तुमचा हात हलका आहे, तो नेहमी सांगायचा," असं म्हणत नर्सच्या भावाच्या जिममधल्या जोडीदाराने खिशातून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "मलाही टोचून द्याल? स्पर्धा तोंडावर आलीय."

तिने बाटली उचलून फिरवून पाहिली. तेच लेबल. धाकट्या भावाला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. वजन खाली ठेवून तो बाकावर टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. वय बत्तीस.

स्टिरॉइडची सुई त्याला ती स्वतःच द्यायची. नाही म्हटलं तर बाहेर कुठेतरी घाणेरड्या सुईने टोचून घेईल, त्यापेक्षा घरी बरं, हे तिचं शहाणपण. सुई नवी, जागा पुसलेली, एकदा डावी बाजू, एकदा उजवी. सगळं कसं शिस्तीत! एकदा रक्तदाब बघायला गेली, तर यंत्राचा पट्टा त्याच्या दंडाला पुरेना. दोघं पोट धरधरून हसली. मोठा पट्टा वॉर्डात होता. उद्या आणते म्हणाली. तो उद्या तीन वर्षांत उजाडला नाही.

आत आई चहा टाकत होती. पोराला कुणाची तरी दृष्ट लागली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि नर्स खाली मान घालून ऐकायची. आज खरं बोलावं तर आईच्या कानावर जाणार, गप्प बसावं तर हाही हातचा जाणार.

"शवविच्छेदनात त्याचं हृदय दीडपट मोठं निघालं," ती म्हणाली.

"मग चांगलंच की! ताकद होतीच त्याच्यात."

"अरे वेड्या, दंड जाड झाला तर शोभतो. हृदयाची भिंत जाड झाली की आत रक्ताला जागा उरत नाही. याच औषधानं झालं ते." तिने आवाज खाली आणला नाही. "आणि ते मीच देत होते. या हातांनी. तुला देणार नाही, आणि तूही कुणाकडून घेऊ नकोस."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. जोडीदार बाटली तिथेच सोडून निघून गेला.

आई बाहेर आली. आता ती बोल लावेल, हात उगारेल, म्हणून नर्स अंग चोरून बसली. आई समोरच्या खुर्चीत टेकली.

"टोचताना दुखायचं का गं त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "गप्पा मारत असायचा."