शुक्रवारचं कुलूप

जुन्या जागेचं छत गळायला लागलं, म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आपला दवाखाना मागच्या रस्त्यावर हलवला. तपासणीचं टेबल हललं, औषधांची कपाटं हलली, मांजरांचे पिंजरेसुद्धा हलले. वेबसाइट तेवढी जागची हलली नाही.

बाईंनी सोमवारीच वेबसाइटवाल्या डिझायनरला निरोप पाठवला होता, की पत्ता आणि फोन नंबर बदलायचा आहे. उत्तर आलं, "शुक्रवारी करतो." ही त्याची पद्धतच होती. सगळ्या ग्राहकांचे बदल साठवायचे आणि शुक्रवारी एका बैठकीत उरकायचे.

"मग मला पासवर्ड द्या ना, मीच बदलते," बाईंनी विचारून पाहिलं.

"नको हो डॉक्टर, काहीतरी बिघडेल."

वाचकहो, माणूस वाईट नव्हता. कामाला चोख होता. पण पूर्वी एका शिंप्याच्या हाती त्याने वेबसाइट सोपवली, तर त्या गृहस्थाने पहिल्याच पानावर स्वतःचा आडवा फोटो चिकटवला. तेव्हापासून डिझायनरने कानाला खडा लावला. दुकान ग्राहकाचं, किल्ली याच्या खिशात. आणि खरं सांगायचं तर आपल्यावाचून लोकांचं अडतं, हे त्याला मनातून आवडतही होतं.

बुधवारी दुपारी त्याच्या आत्याचा फोन आला. आत्या गाडी चालवायला शिकवायची. तिचा म्हातारा कुत्रा नेहमी मागच्या सीटवर बसून भुंकायचा, म्हणून त्याचं नाव हॉर्न.

"अरे, हॉर्नने कसलं तरी विष खाल्लंय. उभाही राहत नाहीये. आणि दवाखान्याला कुलूप! तुझ्या वेबसाइटवर तर 'उघडा आहे' असं लिहिलंय."

"आत्या, तिथल्या नंबरावर फोन लाव."

"लावला रे! आत वाजतोय. मला दाराबाहेर ऐकू येतोय!"

डिझायनरच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, दवाखाना हललाय. मागच्या रस्त्यावर, बँकेच्या शेजारी. तू नीघ, मी आलोच."

तो पोचला तेव्हा हॉर्न आतल्या टेबलावर होता आणि सलाइन चालू होतं. डॉक्टरीणबाई क्षणभर बाहेर आल्या. "जुन्या दारावर मी कागद लावला होता, तिथे रंगकाम चालू आहे, रंगाऱ्यांनी काढला असेल. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत्या बाकावर बसली होती. साडीवर कुत्र्याची लाळ वाळली होती.

"पत्ता बदलल्याचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून. शुक्रवारी करणार होतो."

आत्या ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"आत्या, लोकांच्या हातात दिलं की ते वाट लावतात गं. अक्षरं वेडीवाकडी, फोटो आडवे..."

"माझ्याकडे पहिल्या दिवशी प्रत्येक जण गाडी नागमोडीच चालवतो. म्हणून मी स्टिअरिंग सोडत नाही का? माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तेवढा मला पुरतो. हात मांडीवर ठेवून बसते. आणि लायसन्स मिळाल्यावरही मी रोज त्यांच्या घरी जाऊन त्यांची गाडी चालवायला लागले, तर लोक मला वेड्यात काढतील!"

"पण डिझाइन बिघडलं तर?"

"रंग, मांडणी ठेव की तुझ्या ब्रेकखाली. पत्ता, वेळ, फोन त्यांचा आहे, तो त्यांना दे. पत्ता चुकलेली देखणी पाटी घेऊन करायचं काय? नाकापेक्षा मोती जड!"

आतून हॉर्न बारीक आवाजात कण्हला. डिझायनरने मान खाली घातली.

"चुकलं माझं, आत्या! हट्ट माझा आणि भोगतोय तो मुका जीव!"

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेला. हॉर्न सकाळी पाणी प्यायला होता. आत्याचा जीव भांड्यात पडला होता. डिझायनरने मांडणी कुलूपबंद केली, मजकूर मोकळा केला आणि डॉक्टरीणबाईंच्या हाती पासवर्ड देऊन त्यांच्या शेजारी बसला.

बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "दवाखाना हलला आहे!!! बँकेशेजारी. जिना नाही."

"जिना नाही, हे कशाला?" त्याने विचारलं.

"जुन्या जागी लोक आजारी कुत्रं उचलून जिना चढायचे. त्यांना हेच आधी कळायला हवं."

हे त्याला कधीच सुचलं नसतं. त्या तीन उद्गारचिन्हांपैकी दोन खोडायला त्याचं बोट मात्र शिवशिवलं. मागे आत्या खाकरली. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाईंनी बटण दाबलं, पत्ता बदलला, आणि पिंजऱ्यातून हॉर्न घोगरा का होईना, एकदा भुंकला!

मित्रांनो, कुणाचं काम करून देणं चांगलंच. पण काम झाल्यावर किल्ली आपल्या खिशात ठेवली, तर आपण त्याला मदत केली नाही, त्याला बांधून ठेवलं. ज्याचं त्याच्या हाती द्यावं, शिकवून द्यावं. दोन अक्षरं वाकडी आली तर येऊ द्यावीत.

शुक्रवारी डिझायनरने कुणाचेही बदल केले नाहीत. एकेका ग्राहकाला फोन लावला. पहिला फोन त्या शिंप्याला होता.

"तुमची किल्ली माझ्याकडे राहिली आहे," तो म्हणाला. "कधी येऊ द्यायला?"