प्रमुख वक्त्या आणि तुंबलेलं गटार

गटारात माणूस उतरवण्याच्या विरोधातलं चर्चासत्र वेळेवर सुरू झालं आणि चहानंतर सभागृहाची संडासं तुंबली.

मानवी हक्क समितीचे अध्यक्ष आत गेले तसेच नाकाला रुमाल लावून परत आले. संयोजिका मॅडमनी सभागृहाच्या मॅनेजरला बाजूला घेतलं. "काहीही करा, पण जेवणाआधी मोकळं व्हायला हवं."

काहीही म्हणजे काय, हे मॅनेजरला पाठ होतं. त्यानं नेहमीच्या माणसाला फोन लावला.

व्यासपीठावर तेव्हा वहिनी बोलत होत्या. अख्खी वस्ती त्यांना वहिनीच म्हणे. नवरा बाजारामागच्या गटारात गुदमरून गेला, म्हणून त्या प्रमुख वक्त्या. आपल्याकडे बाईच्या हाती माइक यायला घरातलं कुणीतरी जावं लागतं. "झाकण काढलं की आधी वारा खेळू द्यायचा," त्या सांगत होत्या, "पण मुकादम म्हणाला, साहेब खोळंबलेत..."

खिडकीबाहेर त्यांचा धाकटा दीर कमरेला दोर बांधत होता.

माइक तसाच चालू राहिला. वहिनी मागच्या अंगणात पोचल्या, अर्धवट सरकवलेलं झाकण पायानं जागेवर ढकललं आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

"वहिनी, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. सख्खा भाऊ असाच गेला ना, भावजी? लाज नाही वाटत?"

"लाजेनं चूल पेटते का?"

मॅडम धापा टाकत आल्या. "ताई, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत. फक्त आजचा दिवस."

"त्यांचाही एकच दिवस होता."

अध्यक्ष या पायावरून त्या पायावर होत होते. तत्त्व दाबून धरता येतं, बाकीचं नाही. अखेर त्यांनी स्वतःच फोन लावला, आणि बघता बघता नगरपालिकेचं पिवळंधमक यंत्र फाटकातून आत आलं.

वहिनींनी ड्रायव्हरला विचारलं, "बाजारामागच्या गटारात माणूस मेला, तेव्हा हे होतं?"

"होतं की. धुऊनपुसून उभं होतं. कुणी बोलावलंच नाही, बाई."

वहिनी उठल्या. झाकण निघालं, नळी आत गेली, गटार खळखळून मोकळं झालं आणि पाठोपाठ अध्यक्षही. परतले ते प्रसन्न चेहऱ्यानं.

"बघितलंत? इच्छाशक्ती असली की समाज बदलतो! या ताई, इथंच एक फोटो काढू."

"काढू की," वहिनी म्हणाल्या. "तेवढं तुम्ही आत उतरा."

फोटोवाला खो खो हसला. मग त्यानं वहिनींचा चेहरा पाहिला आणि कॅमेरा खाली घेतला. वहिनी पुढे येत होत्या. अध्यक्ष हसत हसत मागं सरकत होते, आणि त्यांच्या मागं झाकण अजून उघडंच होतं.