लेकीची वार गढीवर

पारेहुइयाच्या लेकीची वार, बाळंतपणात पडलेली, महिनाभर सासूच्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात होती. डबा ती माशांपासून दूर सारी आणि सासू मेरेआना तो पुन्हा माशांना चिकटवून ठेवी.

वार समुद्रावरच्या जुन्या गढीत, बापाच्या वारेशेजारी पुरली की पोर इथली होणार. मग तिला उपरी म्हणायची कुणाची छाती नव्हती. पारेहुइयाला एवढंच हवं होतं. ती स्वतः तळ्याकाठच्या टोळीची, आणि तळ्याकाठच्यांनीच सहा पिढ्यांमागे सासरच्यांची ही गढी पाडली होती.

नवरा तामिहाना ऑस्ट्रेलियात खाणीवर. फोनवर म्हणाला, "आई नेईल तुला."

आईने नेलं. खंदकातून वर चढताना मागे न बघता म्हणाली, "जपून गं सूनबाई. तुझे वाडवडील इथंच घसरले होते. मग शिकले चढायला."

"पोरीला घेता का जरा? टाके ओढतायत."

"तुझ्या लोकांनी अख्खी गढी उचलली. तुला एक पोर जड होतं?"

अर्ध्या चढावर, रताळी साठवायच्या जुन्या खड्ड्यांखाली, मेरेआनाने काठी टेकली. "इथं खण."

पारेहुइयाने पोरीला शालीवर निजवलं आणि खणलं. वार ठेवली, प्रार्थना म्हटली, माती लोटून हाताने थोपटली. तेव्हा मातीतले दगड तिला दिसले. काळे, भाजून तडकलेले.

"हे कसले दगड, आई?"

"भट्टीचे."

"तामिहानाची वार इथंच आहे ना?"

"त्याची वर, गढीच्या जुन्या खांबापाशी. इथं तुमच्यांनी आमची माणसं शिजवली. पोरीला आपल्या माणसांची चूल बरी."

शिजवायच्या जागी पवित्र काही ठेवत नाहीत, हे तळ्याकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पारेहुइयाने दोन्ही हातांनी माती उपसली.

"मातीला दिलेलं काढत नसतात," मेरेआना म्हणाली.

"मातीला कुठं दिलं? तुम्ही चुलीला द्यायला लावलंत."

वार पुसून परत डब्यात ठेवून, पोरीला पाठीशी बांधून ती वर निघाली. वरच्या अंगाला एकच वाट होती, दोन बांधांमधली अरुंद फट. मेरेआना तिच्याआधी तिथं पोचली, खाली बसली आणि तिने पाय आडवे पसरले. बसल्या माणसाला ओलांडायचं नसतं. थोरांना तर नाहीच.

"पाय घ्या, आई."

"तुम्ही गढीला वेढा घातलात तेव्हा आमचे म्हातारे म्हणाले होते, पाणी तरी भरू द्या. दिलंत?"

"मी नव्हते तिथं."

"मीही नव्हते. तरी मला रोज आठवतं." मेरेआनाने गुडघे चोळले. "पोर रडतेय बघ. इथंच बसून पाज तिला. मला घाई नाही."

पारेहुइयाने पोरीची शाल पाठीशी घट्ट केली. मग तिने डबा काखेत धरला, एक पाय पलीकडे टाकला, दुसरा टाकला. घाई केली नाही. घागऱ्याची मातीने भरलेली कड म्हातारीच्या गुडघ्यांवरून गेली.

मेरेआनाने मान वर केली.

खांबापाशी खणताना पारेहुइयाने एकदाच खाली पाहिलं. म्हातारी पाय लांब करून तशीच बसली होती आणि त्या पायांकडे बघत होती, जणू ते कुणा परक्याचे होते. तिला उठवायला कुणीतरी जायला हवं होतं. पारेहुइया खणत राहिली.