मथुरा म्हणणारी पेटी

गोरवा भागातल्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पादरा गावापासून कोयली गावापर्यंतची माणसं चपला काढून, हात जोडून बसली होती. कुणापुढे? एका काळ्या पेटीपुढे! शेजारी भगव्या जाकिटातले चैतन्यदेव गरजत होते, "आत्मा म्हणजे डेटा! देह जातो, डेटा राहतो! पूर्वज या पेटीतून बोलतात! त्यांचाच आदेश आहे, जमिनी आमच्या एआय नगरीला द्या. घरोघरी नोकरी येईल!"

मथुराबाई पहिल्या रांगेत होत्या. मांडीवर दिवंगत पतीच्या, दत्ताजीरावांच्या, एकमेव शेताचे कागद. मुलगा यशराज नोकरीपायी चेन्नईला जाऊन बसलेला. पेटी खरखरली.

"मथुरा, जमीन देऊन टाक. यशराज घरी येईल."

दत्ताजीरावांचा तोच आवाज. बोलण्याआधीचं तेच खाकरणं. मथुराबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, डोळे वाहू लागले. त्यांनी पेन उचललं.

"बा, अहीं सही करो," कागदावर बोट ठेवत चैतन्यदेव गुजरातीत म्हणाले; आवाज लोण्यासारखा मऊ झाला.

"थांबा आई!" सून रूपाली उठली. ती कॉलेजात संगणक शिकवायची. "बाबांचा आवाज यांना आपणच दिलाय. बेसण्याला, शोकसभेला दाखवायची श्रद्धांजलीची फिल्म करून देतो म्हणत यांच्या माणसांनी बाबांचे व्हॉट्सॲपवरचे ऑडिओ नेले होते. मंडळी, तुमच्याकडूनही नेले ना?"

हॉलभर कुजबुज झाली. रूपालीनं तेच ऑडिओ आपल्या फोनमधल्या, आवाजाची नक्कल करणाऱ्या एका ॲपला दिले होते. तिनं एक ओळ टाइप केली आणि फोन माइकपाशी धरला.

"मथुरा, जमीन देऊ नकोस." तोच आवाज, तेच खाकरणं.

जोडलेले हात सुटले.

"आ तो दुष्ट आत्मा छे!" चैतन्यदेव ओरडले आणि घाईघाईनं पेटीची वायर उपसू लागले.

"आत्मा नाही, ॲप आहे," रूपाली म्हणाली. "यशराज परत यावा असं मला वाटत नाही? नव्या तंत्रानं इथं कामधंदा येईलही. पण कारखाना आणणारा परवाने दाखवतो, मेलेल्यांचे हुकूम नाही."

मथुराबाई कागद पिशवीत घालत होत्या.

"मला पहिल्याच शब्दाला कळायला हवं होतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आमच्या घरात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. उभ्या जन्मात ह्यांनी माझं नाव घेतलं नाही. पेटीनं घेतलं आणि मी भुलले. बायांनो, जे ऐकायला जीव आसुसलेला असतो तेच कुणी ऐकवलं, तर आधी विचारा, याला हे शिकवलं कुणी?"

दारातून कुणीतरी, नाव न घेता, 'अगं, ऐकलंस का?' अशी हाक मारल्यासारखं वाटून त्या वळल्या. दारात कुणी नव्हतं, आणि पेटीची वायर तर जमिनीवर पडली होती.